कोकण किनाऱ्यावरील उन्हाळी गरी-मासेमारी

कोकण किनाऱ्यावरील उन्हाळी गरी-मासेमारी म्हणजे महाराष्ट्राच्या सागरकिनाऱ्यावर, खाड्यांच्या मुखांशी आणि किनाऱ्यालगतच्या बेटांभोवती साधारणतः फेब्रुवारीअखेरपासून मे महिन्यापर्यंत गरी (गळ) व दोर वापरून हौसेने केली जाणारी खाऱ्या पाण्यातील मासेमारी होय. जाळ्यांच्या व्यावसायिक मासेमारीहून ती वेगळी आहे. तिच्यात एका वेळी एकच मासा लागतो आणि पकडलेला मासा ठेवायचा की सोडायचा, हा निर्णय पकडणाऱ्याच्या हाती राहतो. शांत समुद्र, तुलनेने स्वच्छ पाणी आणि किनाऱ्याजवळ येणारे मोठे शिकारी मासे यांमुळे उन्हाळा हा या छंदाचा मुख्य हंगाम मानला जातो. मात्र अनेक माशांच्या प्रजननाचा काळ याच हंगामाच्या शेवटाला लागून येतो. उन्हाळ्यातील कोमट पाण्यात पकडून सोडलेला मासा जगण्याची शक्यताही कमी असते. त्यामुळे या मासेमारीचा विचार संवर्धनापासून वेगळा करता येत नाही.

नाव व संज्ञा

माशाला पकडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वाकड्या आकड्याला प्रमाण मराठीत गळ, तर कोकणात गरी म्हणतात. त्यावरून गरीने मासे पकडण्याच्या क्रियेला दक्षिण कोकणात ‘गरवणे’ असे क्रियापद रूढ आहे. एकधागी नायलॉन दोराला ‘तंगूस’ म्हणतात. ओहोटीला अनेक गावांत ‘सुकती’ असा शब्द आहे. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीला ‘उधाण’, तर अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला ‘भांग’ म्हणतात. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा ‘मतलई’, तर समुद्राकडून जमिनीकडे येणारा वारा ‘खारा’ वारा होय. पावसाळा तोंडावर आल्यावर करावयाच्या बेगमीच्या काळाला ‘आगोट’ ही संज्ञा आहे. हौशी मासेमारीचा हंगाम सामान्यतः आगोटीबरोबर संपतो.

इतिहास

गळाने मासे पकडणे हा उपजीविकेबरोबरच करमणुकीचाही भाग असल्याचा जुना पुरावा ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मिळतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला हा ग्रंथ इ. स. ११२९-३० च्या सुमाराचा मानला जातो. त्यातील ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणात समुद्रातील व नदीतील माशांचे प्रकार, गळ व दोर, निरनिराळ्या माशांना लागणारी आमिषे आणि गळाला लागलेला मासा खेळवून थकवण्याची रीत यांचे वर्णन आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा शास्त्रीय दृष्टीने अभ्यास करून ते आधुनिक वाचकांसमोर आणले.

ब्रिटिश काळात भारतातील हौशी मासेमारीवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तके लिहिली गेली. हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ (१८७३) हे त्यांतील प्रसिद्ध पुस्तक होय. या लेखनाचा भर मुख्यतः महसीरसारख्या गोड्या पाण्यातील माशांवर होता. महाराष्ट्रातही संघटित हौशी मासेमारी पवईसारख्या तलावांच्या आश्रयाने वाढली. समुद्रकिनाऱ्यावर मात्र खडकावरून किंवा होडीतून हाती दोर धरून गरवण्याची प्रथा कोळी, गाबीत, भंडारी, दालदी इत्यादी किनारी समाजांत पूर्वापार होती. रॉड, रीळ व कृत्रिम आमिष वापरून केली जाणारी सागरी मासेमारी ही त्या मानाने अलीकडची असून पर्यटनाबरोबर तिचा प्रसार झाला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी परंपरेने ७२० किलोमीटर सांगितली जाते. पालघर, ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सात जिल्हे या किनाऱ्यावर आहेत. सह्याद्रीतून उतरणाऱ्या आखूड नद्यांच्या मुखांशी खाड्या तयार झाल्या आहेत. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, कर्ली व तेरेखोल या त्यांतील प्रमुख होत. उन्हाळ्यात नद्यांचे पाणी आटल्याने भरतीचे खारे पाणी खाड्यांतून बरेच आतपर्यंत शिरते आणि त्याबरोबर समुद्रातील मासेही आत येतात.

गरी-मासेमारीच्या दृष्टीने या किनाऱ्याचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. उत्तरेकडे, म्हणजे पालघरपासून रायगडपर्यंत, समुद्रतळ मुख्यतः चिखलाचा व उथळ असून भरती-ओहोटीचा जोर मोठा असतो. त्यामुळे पाणी बहुतेक वेळ गढूळ राहते. गढूळ पाण्यात मासा नजरेपेक्षा वासाने व हालचालीने भक्ष्य शोधतो, म्हणून या भागात कोळंबी, मासळीचे तुकडे यांसारखे नैसर्गिक आमिष अधिक उपयोगी पडते. दक्षिणेकडे, रत्नागिरीपासून सिंधुदुर्गापर्यंत, खडकाळ भूशिरे, पुळणी आणि बुडालेले खडक एकाआड एक येतात. भरती-ओहोटीतील फरकही तेथे कमी असल्याने मार्च ते मेच्या मध्यापर्यंत पाणी बरेच नितळ असते. कृत्रिम आमिषाची मासेमारी याच भागात अधिक आढळते.

उन्हाळ्यातील सागरी स्थिती

वारा

उन्हाळ्यात बुलढाण्यापासून नागपूरपर्यंतचा अंतर्भाग चाळीस अंश सेल्सिअसच्या वर तापतो, तर समुद्राचे पाणी त्या मानाने थंड राहते. जमिनीवरील हवा तापून वर गेल्याने समुद्रावरील हवा किनाऱ्याकडे ओढली जाते. पहाटे मतलई वारा मंद असतो आणि समुद्र जवळजवळ सपाट दिसतो. सकाळी उशिरापासून खारा वारा सुरू होतो. दुपारनंतर तो वायव्येकडून जोराने वाहू लागतो व सूर्यास्तानंतर हळूहळू पडतो. त्यामुळे लहान होडीतून बेटाकडे जाणारे पहाटे निघून दुपारपूर्वी परततात. दुपारी परतीच्या वाटेवर वारा आणि ओहोटीचा प्रवाह समोरासमोर आले, तर खाडीच्या मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. अशा लाटा लहान होडीला मोठ्या लाटांपेक्षाही अधिक त्रासदायक ठरतात.

पाण्याचे तापमान

पूर्व अरबी समुद्राचे पृष्ठतापमान वर्षात एप्रिल-मे महिन्यांत सर्वाधिक असते. ते साधारणतः २९ ते ३० अंश सेल्सिअसपर्यंत, काही वेळा त्याहूनही वर जाते. पाणी जितके उष्ण, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. म्हणून भर दुपारी उथळ पाण्यातील मोठे मासे खोल पाण्यात, खडकांच्या सावलीत किंवा प्रवाह असलेल्या ठिकाणी सरकतात आणि पहाटे व संध्याकाळी पुन्हा काठाला येतात. उन्हाळ्यात या दोन वेळांना मिळणाऱ्या यशाचे हे एक कारण आहे. याच वेळी लहान मासे पृष्ठभागाजवळ येतात व शिकारी माशांना मंद प्रकाशाचा फायदा मिळतो, हे दुसरे कारण होय.

भरती-ओहोटी

कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी येते. दोन भरतींमधील अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असल्याने भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. उधाणाच्या दिवसांत मुंबईजवळ भरती व ओहोटीच्या पातळ्यांतील फरक सुमारे पाच मीटरपर्यंत जातो. मालवणजवळ तो दोन मीटरांच्या आसपास असतो.

भरतीची वेळ काढण्याचा एक पारंपरिक आडाखा प्रसिद्ध आहे. पक्षातील तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले असता पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. उदाहरणार्थ, चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता आणि पौर्णिमा वा अमावास्येला (पंधरावी तिथी) सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती येते. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. हा आडाखा शुक्ल व कृष्ण अशा दोन्ही पक्षांना लागू पडतो. प्रत्यक्ष वेळ ठिकाणानुसार बदलते. दक्षिण कोकणात भरती मुंबईपेक्षा काहीशी आधी येते. म्हणून नेमक्या वेळेसाठी छापील वा अधिकृत भरती-कोष्टक पाहणे आवश्यक असते.

मासा आमिषाला लागण्याचा संबंध पाण्याच्या उंचीपेक्षा त्याच्या ओढीशी अधिक असतो. पाणी वाहते असले की लहान मासे व कोळंबी प्रवाहाबरोबर वाहतात आणि शिकारी मासे खडकाच्या आडोशाला त्यांची वाट पाहतात. भरती वा ओहोटी पूर्ण होऊन पाणी स्थिर झाले की ही हालचाल मंदावते. खाडीच्या मुखाशी भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला तास हा काळ सामान्यतः चांगला मानला जातो. उत्तर कोकणात उधाणाच्या दिवसांत प्रवाह इतका जोरदार असतो की शिसे तळाशी ठरत नाही आणि पाणीही फार गढूळ होते. तेथे भांगाचे दिवस अधिक सोयीचे पडतात. दक्षिणेकडे प्रवाह मुळातच सौम्य असल्याने उधाणाच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस निवडले जातात.

लाटा

स्थानिक वाऱ्याने उठणाऱ्या लाटांखेरीज एप्रिल-मे महिन्यांत दूरच्या दक्षिण हिंदी महासागरातील वादळांमुळे निर्माण झालेल्या लांब पल्ल्याच्या लाटाही कोकणापर्यंत पोहोचतात. खोल समुद्रात त्या जाणवतही नाहीत. किनाऱ्याच्या उथळ भागात मात्र त्यांची उंची वाढते आणि आकाश निरभ्र व वारा पडलेला असतानाही त्या खडकावर अचानक चढतात. दोन मोठ्या लाटांमध्ये बराच अवधी जात असल्याने काही वेळ शांत दिसलेला खडक सुरक्षित आहे, असा चुकीचा समज होतो. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (इन्कॉइस) अशा लाटांविषयी आगाऊ इशारे प्रसिद्ध करते.

हंगामाचे टप्पे

शिमगा ते गुढीपाडवा: थंडी ओसरलेली असते, सकाळी समुद्र शांत असतो आणि पाणी अजून फार तापलेले नसते. किनाऱ्यालगतच्या खडकांवर पालू, तर पुळणीवर मुडदुशी हे मासे या काळात गरीला लागतात. होळी पौर्णिमेच्या उधाणानंतर खाड्यांतील मासेमारीला वेग येतो.

चैत्र ते वैशाखाचा पूर्वार्ध: दक्षिण कोकणात पाणी सर्वांत नितळ असण्याचा हा काळ होय. तारली, बांगडा व बोयट यांचे लहान थवे किनाऱ्याजवळ असले, की त्यांच्या मागोमाग सुरमई, कोकर व टोळ येतात. बेटांभोवतीच्या मासेमारीला हाच काळ सर्वांत अनुकूल असतो.

मे महिन्याचा उत्तरार्ध: वाऱ्याची दिशा नैऋत्येकडे वळू लागते, समुद्र फुगतो, पाणी गढुळते आणि वळवाच्या सरी व विजा सुरू होतात. किल्ल्यांकडे जाणारी प्रवासी होडी-वाहतूक पावसाळ्यापुरती बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. खाड्यांच्या मुखांशी जिताडा व तांबोशी यांची हालचाल याच वेळी वाढते. त्यामुळे हौशी मंडळींना हा काळ मोह घालतो. तथापि जीविताच्या व माशांच्या प्रजननाच्या अशा दोन्ही दृष्टींनी तो सर्वांत जोखमीचा आहे.

बेटे व सागरी खडक

कोकण किनाऱ्याजवळची बेटे लहान असली, तरी उथळ, सपाट तळावर अचानक उभा राहणारा खडक माशांना आसरा व अन्न देतो. खडकाला धडकून प्रवाहाला भोवरे पडतात, शिंपले-कालवे वाढतात आणि त्यांवर जगणारी अन्नसाखळी तयार होते.

खांदेरी व उंदेरी: अलिबाग तालुक्यातील थळजवळची ही दोन दुर्गबेटे आहेत. खांदेरीवर १८६७ मध्ये उभारलेले दीपगृह असून १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे द्वीप असे नाव देण्यात आले. येथील पाणी गढूळ व प्रवाह जोरदार असतो.

सुवर्णदुर्ग: दापोली तालुक्यातील हर्णै बंदरासमोर हा जलदुर्ग आहे. हर्णै हे मोठे मासळी-बंदर असल्याने परिसरात जाळ्यांची व नौकांची वर्दळ असते.

सिंधुदुर्ग व मालवणचा परिसर: मालवणसमोर कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ला बांधला. भोवती पाण्याखालच्या खडकांची मोठी मालिका असून त्यांवर प्रवाळही आढळतात. हा परिसर १९८७ मध्ये अधिसूचित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. अभयारण्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे.

वेंगुर्ला रॉक्स: वेंगुर्ले व निवती यांच्या समोर समुद्रात असलेला हा खडकाळ बेटांचा समूह आहे. तेथील गुहांमध्ये पाकोळी पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. बेटावर उतरल्याने पक्ष्यांच्या घरट्यांना उपद्रव होतो.

आंग्रिया बँक: विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटर अंतरावरील हे पाण्याखाली बुडालेले प्रवाळयुक्त पठार होय. त्याचा माथा पृष्ठभागापासून सुमारे २० मीटर खोल आहे. लहान होडीच्या आवाक्याबाहेरचे हे क्षेत्र जैवविविधतेच्या दृष्टीने महत्त्वाचे मानले जाते.

खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग या किल्ल्यांचा समावेश २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने झालेल्या नोंदीत आहे.

प्रमुख मासे

जिताडा (लेटीस कॅल्केरिफर): खाडीत व खारफुटीत राहणारा शिकारी मासा. रायगड जिल्ह्याच्या खारेपाटात तो गावतळ्यांतही वाढवला जातो. ऑस्ट्रेलियात बॅरामंडी या नावाने प्रसिद्ध असलेला मासा हाच होय.

तांबोशी (लुटजानस अर्जेंटिमॅक्युलॅटस): लालसर रंगाचा बळकट मासा. पिल्ले खारफुटीच्या खाड्यांत वाढतात आणि मोठे मासे समुद्रातील खडकांकडे जातात. गरीला लागताच तो खडकाच्या कपारीत शिरून दोर तोडण्याचा प्रयत्न करतो.

गोबरा (एपिनेफेलस प्रजाती): खडकांच्या कपारींत एकाच ठिकाणी दीर्घकाळ राहणारा मासा. एका खडकावरचे मोठे गोबरे काढून घेतले, तर ती जागा भरून यायला अनेक वर्षे लागतात.

पालू (ॲकँथोपॅग्रस प्रजाती): खडकाळ किनारा व खाडीमुख येथे आढळतो. कोळंबी, खेकडे व कालवे हे त्याचे खाद्य. सावध स्वभावामुळे बारीक दोर वापरावा लागतो.

सुरमई (स्कॉम्बेरोमोरस प्रजाती): मोकळ्या पाण्यात वेगाने पोहणारा मासा. चालत्या होडीमागे आमिष ओढून किंवा चकाकणारे कृत्रिम आमिष टाकून पकडतात. दात धारदार असल्याने गरीच्या वर तारेचा तुकडा लावतात.

कोकर (कॅरँक्स प्रजाती): थव्याने फिरणारा, आकाराच्या मानाने अतिशय ताकदवान मासा. अंदमान व लक्षद्वीप येथील हौशी मासेमारीत याच्याच कुळातील मोठ्या जातींना विशेष मान आहे.

सकला (रॅकिसेंट्रॉन कॅनेडम): तरंगत्या वस्तू, बोये व मोठ्या माशांच्या आसपास आढळणारा मोठा मासा.

रावस (एल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टिलम) व मुडदुशी (सिलॅगो सिहामा): वालुकामय किनाऱ्याजवळचे मासे. मुडदुशी लहान असली, तरी नवशिक्याला पुळणीवरून सहज मिळणारा मासा म्हणून ती परिचित आहे.

याखेरीज शिंगाळा, टोळ व पाकट हेही गरीला लागतात. केंड हा फुगणारा मासा अनेकदा आमिष कुरतडतो. त्याच्या शरीरात घातक विष असल्याने तो खाऊ नये.

साधने, आमिषे व पद्धती

पारंपरिक हातदोरात तंगूस, शिसे व एक-दोन गऱ्या एवढेच साहित्य असते. दोर बोटावर धरून माशाचा झटका ओळखला जातो. आधुनिक पद्धतीत काचतंतू वा कार्बनतंतूची काठी (रॉड) व रीळ वापरतात. रिळातील रोधक यंत्रणा मासा ओढू लागल्यावर दोर ठरावीक ताणाने सुटू देते. त्यामुळे दोर न तुटता मासा थकतो.

नैसर्गिक आमिषांत कोळंबी, तारलीचे तुकडे, लहान खेकडे, कालवे आणि जिवंत बोयट यांचा वापर होतो. जिवंत आमिषासाठी लागणारे मासे पाग जाळ्याने धरतात. कृत्रिम आमिषांत माशाच्या आकाराची पोहणारी प्रतिकृती, पृष्ठभागावर पाणी उडवणारा पॉपर आणि तळाशी उभा नाचवला जाणारा धातूचा जिग हे प्रकार प्रचलित आहेत.

पुळणीवरून दूर आमिष फेकणे, खडकावरून वा धक्क्यावरून गरवणे, खाडीत नांगरलेल्या होडीतून तळाशी दोर सोडणे, आणि बेटांभोवती चालत्या होडीतून आमिष ओढणे, या चार मुख्य पद्धती आहेत. पुळणीवरून मासेमारी करताना रापण ओढण्याची जागा मोकळी ठेवणे व लावलेल्या जाळ्यांपासून दूर राहणे हा स्थानिक संकेत आहे. मच्छीमारांची उपजीविका त्या जाळ्यांवर असल्याने तो पाळला न गेल्यास वाद निर्माण होतात.

कायदे व निर्बंध

राज्याच्या सागरी हद्दीतील मासेमारीचे नियमन महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ या कायद्याने होते. त्यानुसार मासेमारी नौकांना परवाना आवश्यक असतो. २०२१ मध्ये या कायद्यात सुधारणा करून अवैध मासेमारीसाठीचे दंड वाढवण्यात आले.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा ६१ दिवसांचा काळ यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदीचा असतो. माशांचे प्रजनन आणि मच्छीमारांची सुरक्षितता हे या बंदीचे दोन हेतू आहेत. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना तीतून सूट असते. किनारी समाजांत नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची जुनी रूढी होती. आजची बंदी ही बऱ्याच अंशी त्याच शहाणपणाचे कायदेशीर रूप आहे.

केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शिफारशींवरून राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार निश्चित केला. याच वर्षी पापलेट हा राज्यमासा म्हणून घोषित झाला. समुद्री कासवे, डॉल्फिन, देवमासा-मुशी व प्रवाळ यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. यांपैकी एखादा प्राणी चुकून गरीला अडकल्यास त्याला शक्य तितक्या लवकर मुक्त करणे बंधनकारक ठरते. मालवण सागरी अभयारण्याच्या हद्दीत याच अधिनियमाचे निर्बंध लागू होतात.

प्रजनन व संवर्धन

गरीने एका वेळी एकच मासा पकडला जात असल्याने ही मासेमारी निरुपद्रवी आहे, असे सामान्यतः मानले जाते. व्यावसायिक मासेमारीच्या तुलनेत तिचे प्रमाण अल्प आहे, हेही खरे. परंतु हौशी मासेमारीचा रोख नेहमी सर्वांत मोठ्या माशावर असतो आणि कोकणातील काही प्रमुख जातींच्या बाबतीत हीच गोष्ट हानिकारक ठरते.

जिताडा हा मासा आयुष्याची सुरुवातीची वर्षे नर असतो व पुढे त्याचे मादीत रूपांतर होते. म्हणजेच मोठे जिताडे बहुधा मादी असतात. गोबऱ्याच्या बाबतीत क्रम उलटा आहे. तो आधी मादी व नंतर नर होतो. त्यामुळे दोन्ही जातींत केवळ मोठे मासे काढून घेतल्यास एका लिंगाच्या माशांची संख्या घटते आणि प्रजननाचा समतोल बिघडतो. शिवाय मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अधिक अंडी देते. मेअखेरीस खाडीच्या मुखाशी पकडलेला मोठा जिताडा हा बहुधा येत्या पावसाळ्यात अंडी घालणारा मासा असतो.

यावर उपाय म्हणून काही देशांत किमान आकाराबरोबर कमाल आकाराचीही मर्यादा घातली जाते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान व १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा बॅरामंडी ठेवता येत नाही. मधल्या आकाराचे मासेच ठेवता येतात. प्रजननाच्या काळात तेथे त्याच्या मासेमारीवर बंदीही असते.

मासा पकडून पुन्हा सोडण्याची पद्धत भारतातही रुजत आहे. मात्र मासा पोहत गेला म्हणजे तो वाचलाच, असे नाही. उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि झुंजीत थकलेल्या माशाला मात्र अधिक प्राणवायू लागतो. पाण्याबाहेरच्या प्रत्येक मिनिटाबरोबर तो वाचण्याची शक्यता घटते. खोल पाण्यातून झपाट्याने वर आणलेल्या गोबऱ्यासारख्या माशाचा वाताशय फुगतो व त्याला पुन्हा खाली जाता येत नाही. म्हणून पुढील काळजी घेण्याची शिफारस केली जाते:

• पुरेसा मजबूत दोर वापरून झुंज लवकर संपवावी.
• गरीच्या टोकामागचा उलटा काटा दाबून टाकावा. नैसर्गिक आमिषासाठी वर्तुळाकार गरी वापरावी. ती बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकते व माशाच्या पोटात जात नाही.
• माशाला ओल्या हातांनी धरावे. कोरड्या हाताने किंवा तापलेल्या खडकावर ठेवल्याने अंगावरील संरक्षक चिकट थर निघून जातो.
• गरी खोल गिळली गेली असल्यास ती ओढून काढण्याऐवजी दोर कापावा.
• भर दुपारी आणि खोल खडकांवर केवळ सोडून देण्याच्या हेतूने मासे पकडू नयेत.
• तुटलेला तंगूस समुद्रात वा खडकावर टाकू नये. पक्षी व कासवे त्यात अडकतात.

गेल्या काही दशकांत अरबी समुद्राचे पृष्ठतापमान वाढले आहे. त्याचे परिणाम माशांच्या स्थलांतरावर व प्रजननावर होत असल्याने हंगामाचे जुने आडाखे पूर्वीइतके नेमके राहिलेले नाहीत. तारलीसारख्या लहान माशांच्या संख्येतील चढउतारांवर मोठ्या शिकारी माशांचे किनाऱ्याजवळ येणेही अवलंबून असते.

धोके व सुरक्षितता

उन्हाळ्यातील समुद्र शांत दिसत असला, तरी हंगामाच्या शेवटी अरबी समुद्रात चक्रीवादळे निर्माण होतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ हे वादळ कोकण किनाऱ्याला समांतर जाऊन गुजरातेत पोहोचले. मुंबईत नैऋत्य मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून असली, तरी समुद्र त्यापूर्वीच खवळू लागतो. भारतीय हवामान विभागाचा इशारा व बंदरावरील धोक्याची खूण असताना समुद्रात जाऊ नये.

खडकावरून मासेमारी करताना सर्वांत मोठा धोका लाटेने ओढले जाण्याचा असतो. खडकावर उतरण्यापूर्वी किमान अर्धा तास लाटांचे निरीक्षण करावे. ओल्या वा शेवाळलेल्या भागावर उभे राहू नये. भरती चढू लागल्यावर परतीची वाट पाण्याखाली जाणार नाही, याची खात्री करून घ्यावी. एकट्याने जाणे टाळावे. होडीत प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट प्रत्यक्ष अंगात घातलेले असावे. वळवाच्या ढगांचा गडगडाट ऐकू येताच काठी खाली ठेवावी, कारण कार्बनतंतूची काठी विजेची सुवाहक असते.

शिंगाळ्याचे काटे व पाकटाच्या शेपटीवरील नांगी विषारी असते. दंश झाल्यास जखम स्वच्छ करून ती सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरल्यास वेदना कमी होतात. त्यानंतर वैद्यकीय उपचार घ्यावेत. उष्माघात टाळण्यासाठी डोके झाकणे व पुरेसे पाणी जवळ ठेवणे आवश्यक असते. समुद्रातील आपत्तीत भारतीय तटरक्षक दलाशी १५५४ या क्रमांकावर संपर्क साधता येतो.